कारभाराचा अनुभव नेमका कशाला म्हणायचा? (अमेरिकेची निवडणूक, २००८)

पारिजातक | ५ सप्टेंबर २००८

परवा गणपती बसले. आरत्या, प्रसाद, ओळखीच्या तीन घरी दर्शन असं करत रात्री घरी आलो आणि टीव्ही लावला, तर सेंट पॉलला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सॅरा पेलिन बोलत होत्या. भाषण जोरदार झालं, त्यात वाद नाही. पण त्यातला एक मुद्दा दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढते आहे.

त्यांचं म्हणणं असं, की लहान गावाचा महापौर म्हणजे वस्तीत लोकांना संघटित करणाऱ्या कार्यकर्त्यासारखाच, फरक इतकाच की महापौरावर खरीखुरी जबाबदारी असते. रोख डेमोक्रॅट उमेदवार ओबामांच्या शिकागोतल्या कामावर होता. त्याच मंचावर रूडी ज्युलियानीही बोलून गेले, की या माणसाने आजवर काहीच चालवलेलं नाही. उलट ओबामांनी १ तारखेला सीएनएनवर सांगितलं होतं, की वसिला गावात (अलास्कातलं हे गाव, पेलिन तिथल्या महापौर होत्या) पन्नासेक कर्मचारी असतील, माझ्या प्रचारात अडीच हजार माणसं आहेत. वसिलाचा वर्षाचा खर्च १ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास असेल, आमचा एका महिन्याचा त्याच्या तिप्पट आहे. त्यावर रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांच्या बाजूने उत्तर आलं, की पेलिन आता महापौर नाहीत, अलास्काच्या गव्हर्नर आहेत. (भारतातल्या वाचकांसाठी: इथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. काम मुख्यमंत्र्याचं.)

मी वर्षं मोजून पाहिली. पेलिन सहा वर्षं महापौर, १९९६ ते २००२, आणि डिसेंबर २००६ पासून गव्हर्नर. ओबामा आठ वर्षं इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये आणि २००५ पासून देशाच्या सिनेटमध्ये. ओबामांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बायडन १९७३ पासून सिनेटर. मॅकेन १९८३ पासून आधी प्रतिनिधीगृहात, मग सिनेटमध्ये. त्याआधी नौदलात त्यांनी एक मोठं स्क्वाड्रन सांभाळलं. म्हणजे चौघांत कारभाराचा सर्वांत जास्त अनुभव पेलिन यांचा. आकडे खरे आहेत, तरी हा हिशोब मला पटत नाही, आणि का पटत नाही तेही नीट सांगता येत नाही.

गेल्या वर्षी नागरिकत्व घेतलं, त्यामुळे हे माझं पहिलं मत. राहते ओहायोत, कोलंबसला. २००४ मध्ये बुश इथून सव्वा लाखाहून कमी मतांनी जिंकले आणि तेवढ्यावर देशाचा निकाल ठरला. मत देण्याआधी मला हे समजून घ्यायचं आहे. कुणाला निवडावं हे सांगू नका, कसं बघावं ते सांगा.

कोकणकडा | ५ सप्टेंबर २००८

पारिजातक, हा निकष मतदारांना खरंच महत्त्वाचा वाटत असता तर निवडणूक इथवर अशी आलीच नसती. प्राथमिक फेऱ्यांत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकांत, कोण कोण होते बघा. ज्युलियानी आठ वर्षं न्यूयॉर्कचे महापौर. रॉम्नी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर, त्याआधी सॉल्ट लेकचं २००२ चं ऑलिंपिक सांभाळलेले. हकाबी दहा वर्षांहून जास्त आर्कान्सॉचे गव्हर्नर. डेमोक्रॅट्सकडे बिल रिचर्डसन: गव्हर्नर, ऊर्जामंत्री, संयुक्त राष्ट्रांत राजदूत. हे सगळे घरी गेले आणि दोन्ही पक्षांनी सिनेटर निवडले. थेट सिनेटमधून व्हाइट हाउसात गेलेला शेवटचा माणूस केनेडी, १९६० साली.

इतिहास तर आणखी अवघड करून ठेवतो. राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांच्याइतकी पदं फार थोड्यांनी भूषवली असतील: प्रतिनिधीगृह, सिनेट, परराष्ट्रमंत्री, रशिया आणि ब्रिटनमध्ये वकिलात. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस देश फुटला. त्यांच्यानंतर आलेल्या लिंकन यांच्याकडे राज्याच्या विधिमंडळातली आठ वर्षं आणि वॉशिंग्टनमधली फक्त दोन. हूव्हर यांनी पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पोचवलं, पुढे सात वर्षं व्यापारखातं उत्तम चालवलं, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर महामंदीत ते हतबल झाले.

दाभण | ६ सप्टेंबर २००८

कोकणकडा, लिंकनचं उदाहरण प्रत्येक अननुभवी उमेदवाराच्या बाजूने दिलं जातं. लिंकन एकच झाला. बाकी अननुभवी माणसांचं काय झालं तेही मोजायला हवं ना?

मी मॅकेनचा समर्थक आहे, लपवत नाही. माझा मुद्दा साधा आहे. सिनेटमध्ये शंभर जण असतात. एखादं विधेयक फसलं तर दोष शंभर जणांत वाटला जातो. गव्हर्नरच्या टेबलावर कागद आला की होय किंवा नाही, दोन्हीपैकी एक करावंच लागतं आणि खाली नाव एकट्याचं असतं. ही सवय भाषणं देऊन अंगी येत नाही. कार्टर, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश, चौघेही गव्हर्नर होते. लोकांनी त्यांना त्यासाठीच घेतलं.

आणि ओबामांच्या बाजूने प्रचारयंत्रणेचा दाखला देणं मला गैर वाटतं. मला नोकरी द्या, कारण मी अर्ज फार छान लिहिला, असा तो युक्तिवाद आहे.

हिमरेषा | ६ सप्टेंबर २००८

मी पाच वर्षं अँकरेजमध्ये राहते. वसिला इथून तासाभराच्या अंतरावर. माझ्या मते पेलिन यांच्याबद्दल दोन्हीकडून अर्धंच सांगितलं जातंय.

आधी त्यांच्या बाजूचं. तेल आणि वायूवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगावर त्या होत्या. तिथले एक सहकारी म्हणजे त्यांच्याच पक्षाचे राज्य अध्यक्ष. त्यांच्या गैरवर्तनाची तक्रार करून पेलिन यांनी २००४ मध्ये राजीनामा दिला. त्या गृहस्थांना पुढे १२,००० डॉलर दंड झाला. २००६ मध्ये स्वतःच्याच पक्षाचे विद्यमान गव्हर्नर मर्कोव्स्की यांना त्यांनी प्राथमिक फेरीत हरवलं. गेल्या वर्षी तेल कंपन्यांवरचा कर वाढवणारा कायदा आणला, तोही डेमोक्रॅट आमदारांना बरोबर घेऊन. ज्या राज्याची तिजोरी तेल कंपन्यांवर चालते तिथे हे सोपं नसतं. मी तेव्हा मनापासून त्यांच्या बाजूने होते.

आता वसिला. लोकसंख्या २००० च्या जनगणनेत साडेपाच हजार. शाळा आणि अग्निशमन गावाकडे नाहीत, ते बरोकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे. गावाकडे पोलीस, रस्ते, पाणी, वाचनालय. त्यांनी आल्या आल्या खातेप्रमुखांकडून राजीनामे मागितले, पोलीसप्रमुखाला काढलं. तो कोर्टात गेला आणि हरला, कारण महापौराला तो अधिकार होता. मग रोजचं काम बघायला त्यांनी पगारी प्रशासक नेमला. त्यांचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे क्रीडासंकुल. त्यासाठी १ कोटी ४७ लाख डॉलरचे रोखे काढले, विक्रीकर अर्धा टक्का वाढवला. लोकांनी मतदान करून त्याला मंजुरी दिली होती, हेही सांगायला हवं. पण जमिनीची मालकी कायद्याने पक्की होण्याआधी काम सुरू झालं. खटला वर्षानुवर्षं चालला आणि भुर्दंड गावाला बसला.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. अलास्कात उत्पन्नकर नाही, उलट राज्यच माणशी लाभांश देतं. कालच जाहीर झालं: यंदा २,०६९ डॉलर, वर इंधन महाग झालं म्हणून आणखी १,२०० डॉलर. आमच्या चौघांच्या घरात तेरा हजारांहून जास्त येतील. तेल इतकं महाग असताना गव्हर्नरला कुणाला नाही म्हणायची वेळ फारशी येत नाही. नकार द्यायची वेळ आली की माणसाचा कस लागतो, आणि ती वेळ त्यांच्यावर अजून आलेली नाही.

जुना_नगरसेवक | ७ सप्टेंबर २००८

पारिजातकताई, तुमचा हिशोब का पटत नाही याचं उत्तर मला आपल्याच महापालिकांत दिसतं. मी दोन वेळा नगरसेवक होतो, त्यातलं एक वर्ष स्थायी समितीत. शहराचं नाव घेत नाही.

आपल्याकडे प्रचाराच्या पत्रकावर ‘माजी महापौर’ असं ठळक छापतात. वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाने शहर चालवलं. प्रत्यक्षात महाराष्ट्रातला महापौर शहर चालवत नाही. १८८८ च्या मुंबईच्या कायद्यापासून कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत आणि इतर महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यातही तीच रचना. आयुक्त राज्य सरकार नेमतं. महापौर सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष असतो, पाहुण्यांचं स्वागत करतो. मोठ्या निविदा स्थायी समितीत मंजूर होतात. म्हणून पक्षात खरी चुरस त्या अध्यक्षपदासाठी असते, महापौरपदाच्या मानासाठी नसते. मुंबईत १९९८ साली महापौर परिषदेचा प्रयोग झाला होता, महापौराच्या हाती कारभार द्यायचा म्हणून. तोही लवकरच गुंडाळला.

उलट सरपंच बघा. दीड हजार वस्तीचं गाव, पण ग्रामनिधीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागते. पाणीयोजनेची पाइपलाइन फुटली की लोक सरपंचाच्या दारात येतात, ग्रामसभेत उभं राहून जाब द्यावा लागतो. आमच्या भागात एक बाई सरपंच होत्या. ठेकेदाराचं काम अर्धवट म्हणून तीन महिने त्यांनी बिलावर सही केली नाही. दबाव किती आला ते मी जवळून पाहिलं. त्या बाईंना मी कुठल्याही माजी महापौरापेक्षा जास्त अनुभवी म्हणेन.

म्हणून पदाचं नाव आणि वर्षं सोडून द्या. तीन गोष्टी विचारा: सही कोणाची होती, हाताखाली माणसं कोणी नेमली, आणि काम बिघडलं तेव्हा दारात कोण उभं राहिलं. वसिलाचा महापौर या कसोटीवर आमच्या महापौरापेक्षा भारी ठरतो, हे मान्य करायला हवं. हिमरेषाताईंनी जे सांगितलं त्यावरून माणसं काढण्याचा, नेमण्याचा अधिकार खरा होता. तो कसा वापरला, हा पुढचा प्रश्न.

कोकणकडा | ७ सप्टेंबर २००८

काका, हे फार मोलाचं सांगितलंत. यात एक भर. दाभण यांनी बुश यांचं नाव घेतलं. टेक्सासच्या गव्हर्नरचं पद मुळात कमजोर आहे. विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा १४० दिवस बसतं, आणि सिनेटची सूत्रं उपगव्हर्नरच्या हातात असतात, जो वेगळा निवडून येतो. सहा वर्षं ‘गव्हर्नर’ लिहिलं तरी त्यातला कारभार किती, ते बघावं लागतं. अलास्काचा गव्हर्नर मात्र ताकदवान. तिथे महाधिवक्ताही तोच नेमतो.

आणि माणसं नेमण्याबद्दल म्हणाल तर २००५ चं कॅटरिना वादळ. न्यू ऑर्लिन्स बुडालं तेव्हा आपत्ती निवारणाच्या प्रमुखपदी जे गृहस्थ होते ते आधी अरबी घोड्यांच्या संघटनेत अधिकारी होते. सहा वर्षं गव्हर्नर आणि साडेचार वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या माणसाच्या कारभारात ती नेमणूक झाली होती.

दाभण | ८ सप्टेंबर २००८

कॅटरिनाचं मान्य. त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण मग हीच कसोटी ओबामांनाही लावा. १९९५ ते १९९९ ते शिकागोच्या ॲनेनबर्ग शिक्षणनिधीच्या मंडळाचे अध्यक्ष होते. जवळपास ५ कोटी डॉलर देणगी शाळा सुधारण्यासाठी आली होती. वसिलाच्या संकुलाच्या तिपटीहून जास्त पैसा. त्यातून शाळा किती सुधारल्या? ते स्वतः याबद्दल फारसं बोलत का नाहीत? आहे तो अनुभव सांगायचा नाही आणि प्रचारयंत्रणेचे आकडे द्यायचे, हे मला खटकतं.

पारिजातक | ८ सप्टेंबर २००८

दाभण, हा प्रश्न रास्त आहे. मीही त्याबद्दल वाचायला घेतलं. मुलांच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही असंच त्या निधीच्या स्वतःच्या मूल्यमापनात निघालं. हे माझ्या वहीत ओबामांच्या नावापुढे लिहून ठेवलं आहे. वसिलाची जमीन पेलिन यांच्या नावापुढे लिहिली आहे, आणि तेलकरही.

नांगरट | ९ सप्टेंबर २००८

मी औसा तालुक्यातला. तुमची अमेरिका मला पेपरात दिसते तेवढीच. पण कारभाराचा विषय निघाला म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला चार मिनिटं कमी. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. घराच्या दगडी भिंती आत कोसळल्या, जवळपास दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो, ढिगारे उपसायला गेलो. त्याच सकाळी मुख्यमंत्री शरद पवार तिथे पोचले. मी त्यांच्या पक्षाचा नाही, कधी मतही दिलं नाही. पण लातूर आणि धाराशिवचा एकेक तालुका माहीत असलेला, कोणता अधिकारी कुठे उपयोगी पडेल हे तोंडपाठ असलेला माणूस वर बसलेला असला की खाली काय फरक पडतो, हे मी त्या आठवड्यात पाहिलं. पत्रे, पाणी, प्रेतं जाळायला लाकूड, प्रत्येक गोष्टीचा कुणीतरी जबाबदार माणूस ठरलेला होता.

१९७८ साली ते पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले तेव्हा ३७ वर्षांचे होते. त्या वेळी कुणी म्हणालं असतं, पोरगा आहे, अनुभव नाही, तर तेही खोटं नव्हतं. अनुभव आधीच हवा म्हटलं तर तो पहिल्यांदा यायचा कुठून? या कोड्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आपल्याकडे एक सोय आहे. मंत्री सभागृहातूनच निवडले जातात, राज्यमंत्री, मग मंत्री, मग मुख्यमंत्री अशी पायरी असते. यशवंतराव १९४६ ला संसदीय चिटणीस झाले, १९५६ ला मुख्यमंत्री, १९६२ ला चीनच्या युद्धात दिल्लीला गेले तेव्हा त्यांचा हात तयार होता. अमेरिकेत सिनेटरला ही पायरी नाही असं दिसतं. त्यात त्या माणसाचा काय दोष?

हिमरेषा | ९ सप्टेंबर २००८

नांगरटदादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. त्याचं आजोळ उमरग्याचं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

पारिजातक | १७ सप्टेंबर २००८

रविवारी विसर्जन झालं आणि सोमवारी सकाळी लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाल्याची बातमी. आमची बचत निवृत्तीच्या खात्यात आहे. विवरणपत्र उघडायचं धाडस अजून झालेलं नाही. या धाग्यावरची चर्चा आठवडाभरापूर्वी अभ्यासासारखी वाटत होती, आता तशी वाटत नाही.

दाभण | २५ सप्टेंबर २००८

मॅकेन यांनी काल प्रचार थांबवला आणि आज वॉशिंग्टनला गेले. शुक्रवारची दोन्ही उमेदवारांची पहिली जाहीर चर्चा पुढे ढकलायची मागणी केली. माझ्या दृष्टीने जबाबदार माणूस असंच वागतो.

जुना_नगरसेवक | ३० सप्टेंबर २००८

दाभण, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण काल प्रतिनिधीगृहाने बुडत्या बँकांना मदतीचं विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळलं, आणि विरोधात जास्त मतं मॅकेन यांच्याच पक्षाची होती. चर्चाही शेवटी शुक्रवारी झालीच आणि ते गेले. संकटात धावून जाणं चांगलं. गेल्यावर आपल्या शब्दावर किती मतं हलतात, हे आधी मोजलेलं असावं लागतं. स्थायी समितीत आम्ही ठराव मांडण्याआधी डोकी मोजायचो. ओबामा या दिवसांत शांत राहिले, हेही मी बघितलं. शांत राहणं म्हणजे कारभार नव्हे, पण घाईपेक्षा ते बरं.

दाभण | ३० सप्टेंबर २००८

काका, वाईट वाटलं वाचून, पण चूक काढता येत नाही. माझं मत मॅकेन यांनाच जाईल. साडेपाच वर्षं उत्तर व्हिएतनामच्या कैदेत काढलेल्या आणि आधी सुटका देऊ केली तेव्हा ती नाकारलेल्या माणसावर माझा विश्वास आहे. तो कारभाराचा अनुभव नसेल, दुसरं काहीतरी असेल.

पारिजातक | ४ नोव्हेंबर २००८

आज सकाळी रांगेत उभं राहून मत दिलं. कुणाला दिलं ते इथे लिहीत नाही. दाभण, तुमचं शेवटचं वाक्य रांगेत असताना आठवत होतं.

मतपत्रिका हातात आली आणि लक्षात आलं, की राष्ट्राध्यक्षाची ओळ संपल्यावर बरंच काही उरतं. काउंटीचा कमिशनर, शेरीफ, खजिनदार, कोर्टाचा लिपिक, मृत्यूची चौकशी करणारा कोरोनर, रस्ते आणि पूल बघणारा इंजिनियर. सगळे निवडून द्यायचे. ओहायोच्या कायद्यात काउंटी इंजिनियर हा परवानाधारक इंजिनियर आणि सर्वेक्षक असावाच लागतो, कोरोनर डॉक्टर असावाच लागतो. राष्ट्राध्यक्षाला मात्र ३५ वर्षं वय, जन्माने नागरिकत्व आणि १४ वर्षं देशात वास्तव्य एवढंच पुरतं.

या धाग्यामुळे गेल्या आठवड्यात, फराळाचं करता करता, मी या सगळ्या नावांची माहिती काढून वहीत लिहिली होती. कमिशनरच्या जागेसाठी काकांचे तिन्ही प्रश्न लावून पाहिले. एका नावापुढे तिन्ही उत्तरं मिळाली, तिथे खूण केली. आमच्या घराजवळच्या ओढ्यावरचा पूल दोन वर्षं बंद आहे. त्यासाठी कुणाला फोन करायचा, तेही शोधताना कळलं. उद्या करणार आहे.